शिशाची पंचवीस काडतुसं

माझे पती कावीळ होऊन सतरा दिवसांत गेले. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि आमची मुलगी पाच वर्षांची. आम्ही दोघं नगरला एकाच वर्गात वैद्यकी शिकलो होतो, लग्नही तिथंच ठरवलं होतं, आणि मग खर्ड्याच्या अलीकडं, त्यांच्या गावी, रस्त्याकडेला दवाखाना टाकला होता. दोन खोल्या. पुढं दवाखाना, मागं संसार, मध्ये फळ्यांची भिंत. ते वस्त्यांवर फिरत, मी बायका-मुलं बघत असे. ते गेल्यावर माहेरच्यांनी नगरला बोलावलं. मी गेले नाही. एवढ्या पंचक्रोशीत बायकांना हात लावून तपासणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला तिथून उठावंसंच वाटत नव्हतं.

मी राहू शकले ते दादांमुळे. दादा म्हणजे माझे मोठे दीर. पंधरा वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून परत आलेले. उंच, ताठ, बोलणं कमी. गावाबाहेर अर्ध्या कोसावर त्यांची वस्ती होती. रोज सकाळी सायकलवरून यायचे, दवाखान्याच्या पायरीवर बसायचे, आमच्या मुलीला सायकलच्या दांडीवर बसवून एक चक्कर मारून आणायचे आणि मगच शेतावर जायचे. तेराव्याच्या दिवशी सगळे पांगल्यावर ते मला म्हणाले होते, "पोरी, म्या हाय. तू कुनाकडं बघू नगं." त्या वाक्यावर मी पुढची दोन वर्षं उभी होते.

पतींच्या मागं राहिलेल्या वस्तूंत एक मोटारसायकल होती, एक घड्याळ आणि एक रिव्हॉल्व्हर. आडवेळी एकट्यानं वस्त्यांवर जावं लागायचं म्हणून त्यांनी रीतसर परवाना काढून ते नगरच्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून घेतलं होतं. विलायती, बत्तीस बोअरचं, सहा गोळ्यांचं. ते गेल्यावर रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा झालं. मला ते परत घ्यायची काही हौस नव्हती. पण त्या वर्षी पाऊस फसला, पुढच्या वर्षीही लक्षण दिसेना, आणि आडबाजूच्या वस्त्यांवर चोऱ्या सुरू झाल्या. पलीकडच्या गावी एका म्हाताऱ्या जोडप्याला बांधून घालून घर धुऊन नेलं. दादा म्हणाले, "तू रस्त्यावर राहतीस. एकली. ते हत्यार तुज्या नावावर करून घेऊ."

अर्ज केला. आठ महिने लागले. मामलेदार कचेरीत एक साहेब मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "बाईमाणसाला कशाला हवं हे?" मी उत्तर शोधत होते, तोवर दादा म्हणाले, "सायेब, चोर बाईमानूस बघूनच येतो." साहेबांनी सही केली. मला त्या दिवशी दादांचा केवढा अभिमान वाटला होता.

रिव्हॉल्व्हर हाती आलं, त्याच्याबरोबर पतींची जुनी काडतुसंही आली. चामड्याच्या पट्ट्याला फासे असतात, त्यांत ती वर्षानुवर्षं खोचलेली होती. पितळेवर हिरवट बुरशीसारखं चढलं होतं. दादा मला ओढ्याकाठच्या मुरमाच्या खाणीत घेऊन गेले. उभं कसं राहायचं, दोन्ही हातांनी कसं धरायचं, चाप एकदम न ओढता बोट हळूहळू कसं दाबायचं, हे त्यांनी शिकवलं. मग सहा जुनी काडतुसं भरून दिली. पहिलं उडालं. माझ्या कानात शीळ वाजत राहिली. दुसऱ्याला नुसतं 'टक'. तिसऱ्यालाही 'टक'. सहांतली दोन उडाली, चार मेलेली.

"चामड्यात ठिवली की मरत्यात," दादा म्हणाले. "ही जवळ असनं म्हंजे काहीच जवळ नसन्यापरीस वाईट. मानूस भरवशावर राहतो." त्यांनी उरलेली आणि न उडालेली सगळी रुमालात बांधली. "ही म्या फेकून देतो. नवी आनू."

मग आम्ही नगरला गेलो, एसटीनं. हत्यारांचं दुकान कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. अंधारं, लांबट, तेलाचा वास येणारं. दुकानदार वयस्क होते, जाड भिंगांचा चष्मा, डोक्यावर पांढरी टोपी. परवाना त्यांनी अक्षर न अक्षर वाचला. परवान्यावर पंचवीस काडतुसांची मुभा होती. त्यांनी दोन पेट्या काढून समोर ठेवल्या आणि एकेक काडतूस माझ्या तळहातावर दिलं. एकाच्या गोळीवर तांब्याचं कवच होतं, लालसर, चकचकीत. दुसऱ्याची गोळी उघड्या शिशाची, काळपट राखाडी, नखानं ओरखडा उठेल अशी.

दादांनी लगेच कवचवाल्या पेटीवर बोट ठेवलं. "हीच द्या. फौजेत आमी दुसरं कधी वापरलंच न्हाई. आरपार जाती."

दुकानदार माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, वापरणार तुम्ही ना? मग मला सांगा, घर कसलं आहे? भिंती कसल्या?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, बाहेरच्या भिंती दगडमातीच्या, मधली फळ्यांची.

"फळ्यांच्या पलीकडं कोण असतं?"

"माझी मुलगी झोपते."

ते म्हणाले, "हे कवचवालं माणसातून जातं, फळीतूनही जातं. पुढं कुठं थांबेल ते आपल्या हातात नाही. नुसत्या शिशाचं बोथट होतं, आत शिरलं की जोर संपतो. तेही फळीतून जाणारच नाही असं मी म्हणत नाही. तसं कुठलंच काडतूस नसतं. उभं राहतानाच फळी पाठीशी ठेवा, समोर नको. पण घरात, जवळून, जिवाच्या राखणीसाठी म्हणाल तर मी शिशाचं देईन. लढाईत समोर कोण आहे ते ठाऊक असतं. घरात मागंही आपलंच माणूस असतं."

"ह्यांना काय ठावं," दादा माझ्याकडं वळून म्हणाले, पण दुकानदारांना ऐकू जाईल असं. "दुकानात बसून इकत्यात. म्या वापरल्यात."

मी दोन्ही काडतुसं हातात धरून उभी होते. दोन्हींचं वजन सारखंच वाटत होतं. माझ्या डोळ्यांसमोर फळ्यांची ती भिंत होती, तिच्यातल्या दोन फळ्यांमधली फट, आणि त्या फटीतून पलीकडून डोकावणारा मुलीचा डोळा. रुग्ण नसले की ती तिथून मला हाका मारायची.

"शिशाची द्या," मी म्हटलं.

"इचार कर, पोरी."

"केला, दादा."

दुकानदारांनी एक भिंग काढून काडतुसाच्या बुडावर कोरलेली अक्षरं मला दाखवली. म्हणाले, "प्रत्येक कारखान्याची वेगळी असतात. ही लक्षात ठेवा. पुढं कधी कुणाकडूनही घेतलीत तर आधी बूड बघायचं. आणि दर दोन वर्षांनी बदलायची, भले एकही झाडलेलं नसो. चामड्यात ठेवायची नाहीत."

परतीच्या गाडीत दादा खिडकीबाहेर बघत होते. जामखेड मागं पडल्यावर एकदम म्हणाले, "आता तुला माजी गरज न्हाई म्हनायची." आणि हसले. मीही हसले. मुलीसाठी त्यांनी जामखेडला गाडी थांबली तेव्हा चिक्की घेतली होती, ती माझ्या पिशवीत टाकली. मला वाटलं, झालं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी खाणीत जाऊन नवी पाच झाडली. पाचही उडाली. शेवटच्या दोन गोळ्या समोरच्या टोपल्याएवढ्या दगडाला लागल्या. मी वळून दादांकडं बघितलं, लहान मुलासारखी. त्यांनी मान हलवली आणि काडतुसांची रिकामी पितळं वेचून घेतली.

दादा म्हणाले, घरात सहा पुरेत, पोर लहान आहे, पेटी माझ्याकडं राहू दे. मला पटलं. नियमात ते बसत नव्हतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, पण आपल्याच माणसाच्या बाबतीत नियम कोण बघतो? दर महिन्याला ते रिव्हॉल्व्हर साफ करायला वस्तीवर न्यायचे आणि संध्याकाळी आणून द्यायचे. तेल पाजलेलं, पुसलेलं, सहा काडतुसं भरून. पितळ कसं लखलखायचं! फौजेतल्या पट्ट्याचं बक्कल ते घासून चकचकीत ठेवत, तसंच. एकदा मी जाऊबाईंना म्हटलंसुद्धा, "दादा आमच्यासाठी किती करतात हो." जाऊबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. त्या तशाही कमीच बोलायच्या.

बहात्तर साल उजाडलं ते कोरडंच. विहिरी तळाला गेल्या, जनावरं विकली गेली, आणि गावातली धट्टीकट्टी माणसं दुष्काळी कामावर जाऊ लागली. खर्ड्याकडं जाणाऱ्या एका रस्त्याचं काम निघालं होतं, खडी फोडायची. दादा फौजेतले, हिशेबी, दरारा असलेले, म्हणून त्यांना तिथं मुकादम नेमलं. आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांची माणसं त्या कामावर होती. मी आठवड्यातून एकदा तिथं जाऊन बायकांना, पोरांना औषधं द्यायचे. दादा सगळ्यांना सांगायचे, "ही आमची डाक्टरीन. वाघीन हाय." मला संकोच व्हायचा, पण आवडायचंही.

ती गोष्ट झाली बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. बाजाराच्या दिवशी गाव ओस असे. जे कामावर नसत ते बाजाराला जात. मी मुलीला मागं झोपवून पुढं औषधांच्या पुड्या बांधत बसले होते. दोन माणसं आली. एकानं पोट धरलं होतं. मी त्याला बाकावर निजायला सांगितलं आणि हात धुवायला वळले, तर दुसऱ्यानं दाराला आतून कडी लावली. मी वळले तेव्हा पोट धरलेला उठून उभा होता.

"बाई, गडबड करू नगा," तो म्हणाला. "डब्यात काय हाय ते द्या. आमी जातो."

मी टेबलाचा खण ओढला आणि रिव्हॉल्व्हर काढलं. दादांनी शिकवलं होतं तसं दोन्ही हातांनी धरलं. फळ्यांची भिंत माझ्या पाठीशी होती, माणसं समोर, त्यांच्यामागं दगडाची भिंत. दुकानदारांनी सांगितलं होतं ते सगळं तसंच होतं. मला आठवतं, त्या भीतीतही क्षणभर बरं वाटलं, की आपण विचार करून निवडलं, आपण बरोबर निवडलं.

"मागं व्हा," मी म्हटलं. "कडी काढा आणि जा. मी झाडेन."

ते हलले नाहीत. मी नळी खाली केली, त्यांच्या पायांपुढच्या जमिनीवर रोखली आणि चाप दाबला.

टक.

पुन्हा दाबला. टक.

दोघांपैकी कुणी दचकलं नाही, कुणी मागं सरकलं नाही. हेच मला आधी कळलं, आणि त्याचा अर्थ नंतर. पोटदुखीवाला पुढं आला आणि जवळजवळ समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, ती वाजायची न्हाई. समद्यांला ठावं हाय."

माझ्या हातातून त्यानं ते काढून घेतलं, जसं मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी. मला बाकावर बसवलं. दुसरा मागं गेला. मी ओरडले, "तिकडं मुलगी आहे!" तो म्हणाला, "तिला काय करायचं न्हाई आमाला." आणि खरंच त्यांनी तिला हात लावला नाही. ट्रंकेतलं माझं मंगळसूत्र, चार बांगड्या, पतींचं घड्याळ एवढं घेतलं. जाताना पोटदुखीवाल्यानं रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. नेलंसुद्धा नाही. म्हणाला, "पोरीला खेळाया ऱ्हाऊ द्या."

ते गेल्यावर मी किती वेळ बसून होते कुणास ठाऊक. मुलगी उठून आली, मांडीत बसली. मग मी रिव्हॉल्व्हर उघडलं आणि सहाही काडतुसं टेबलावर काढली. लखलखीत होती. दोहोंच्या बुडावर ठोक्याची खूण होती. भिंगाची गरजच नव्हती. बुडावरची अक्षरं वेगळी होती. दुकानात पाठ केलेली अक्षरं ती नव्हती. ही पतींची जुनी काडतुसं होती, दादांनी फेकून देतो म्हणून रुमालात बांधून नेली होती त्यांतली, घासून पुसून नव्यासारखी केलेली.

दर महिन्याला हे माझ्या घरात येत होतं, आणि मी एकदाही बूड उलटून बघितलं नव्हतं. दुकानदारांनी सांगितलं होतं, कुणाकडूनही घेतलीत तरी बघा. 'कुणाकडूनही' ह्या शब्दात दादा येतात हे माझ्या मनालाच शिवलं नव्हतं.

मुलीचा हात धरून मी वस्तीवर गेले. ऊन उतरलं होतं. दादा कामावरून नुकतेच आले होते, अंगणात पाय धूत होते. मी सहा काडतुसं त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवली.

त्यांनी बघितलं. मग माझ्याकडं, मग मुलीकडं. "काय झालं?"

मी सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला नाही, ह्याचं मला आजही नवल वाटतं. ऐकून त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "तुला काय केलं न्हाई न्हवं? पोरीला?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते खोटं नव्हतं.

"दादा, नवी कुठं आहेत?"

"माज्या पेटीत."

"का?"

ते ओट्यावर बसले. "बाईमानसाचा हात. घाबरून कुनावर बी चालिवलं असतंस. तू मानूस मारलं असतंस तर? फाशी न्हाई तर जल्मठेप. माज्या भावाची पोर कुनी बघायची?"

"मग मला म्हणायचं होतं, नको घेऊ म्हणून. परवाना कशाला काढून दिलात?"

"हत्यार हाय म्हनलं की मानसं दबून राहत्यात. तेवढं पुरं हुतं."

"आणि ह्या जुन्यांतलं एखादं उडालं असतं तर?"

"न्हाई उडनार. महिनाभर राकेलात बुडवून ठिवली हुती." ते हे अशा सुरात म्हणाले, जणू त्यांनी माझ्यासाठी खबरदारीच घेतली होती.

"ते ठीक," मी म्हटलं. "पण त्या माणसांना कसं ठाऊक होतं?"

दादांनी तांब्या उचलून धुतलेल्या पायांवर पाणी ओतलं. मी पुन्हा विचारलं. ते जमिनीकडं बघून म्हणाले, "कामावर बोलन्याबोलन्यात निघालं. दुपारच्या सुट्टीत. कुनीतरी म्हनलं, मुकादम, तुमची वाघीन गोळी घालील एखाद्याला. म्या गमतीनं म्हनलो, वाघिनीचे दात म्या काढून ठिवल्यात."

"किती माणसं होती?"

"हुती धा-पंधरा."

म्हणजे मी दर आठवड्याला त्या कामावर जात होते, आणि मला 'वाघीण' म्हणताना दादांच्या आवाजात जो अभिमान मला ऐकू यायचा तो बाकीच्यांना चेष्टेसारखा ऐकू येत होता. औषध घेणाऱ्या बायका तोंडाला पदर का लावायच्या, ते मला त्या अंगणात कळलं.

जाऊबाई आतून पेटी घेऊन आल्या. पुठ्ठ्याची, चौदा काडतुसांची, आणि कागदात बांधलेली वेगळी सहा. माझ्या हातात देताना हळूच म्हणाल्या, "मला ठावं हुतं. माजी छाती झाली न्हाई बोलायची." मला त्यांना काही बोलावंसं वाटलं नाही. दादांनाही नाही. मी मुलीला घेऊन निघाले तेव्हा दादा मागून म्हणाले, "थांब, म्या सोडतो सायकलवर." मी थांबले नाही.

सकाळी फौजदार आले, बरोबर दोन शिपाई. पंचनामा सुरू झाला. गावातले पाच-सहा जण पंच म्हणून, बाकीचे दाराशी. दादाही आले होते, इस्त्रीचा सदरा घालून, फौजदारांच्या शेजारी उभे.

"गोळी का झाडली नाही?" फौजदारांनी विचारलं.

"झाडली. उडाली नाही."

त्यांनी सहाही काडतुसं हातावर घेऊन निरखली. मग पेटीतली वीस मोजली. परवान्यावरची नोंद बघितली. "ही नवी पेटीत आहेत. आणि ही जुनी रिव्हॉल्व्हरमध्ये. असं कसं झालं?"

मी रात्रभर ह्याच प्रश्नाचा विचार केला होता. खरं सांगितलं असतं तर दादांच्या घरात विनापरवाना काडतुसं सापडली असा अर्थ झाला असता. त्यांना बेड्या पडल्या असत्या. त्यांची दोन मुलं शाळेत होती. पतींचा एकुलता एक भाऊ. मी म्हटलं, "गडबड झाली. जुनी माझ्याकडून भरली गेली."

"नवी पेटीत ठेवलीत आणि जुनी भरलीत?"

"हो."

दाराशी कुणीतरी हसलं. फौजदारही किंचित हसले. "बाई, तुम्ही डॉक्टर. औषधाची बाटली वाचून देता ना? मग काडतूस बघून भरायचं नाही?"

मी मान खाली घातली. आता दादा काहीतरी म्हणतील असं मला वाटलं. खरं सांगतील असं नाही. निदान 'जाऊ द्या साहेब, घाबरली असेल' एवढं तरी. दादा खाकरले आणि म्हणाले, "म्या सांगितलं हुतं तिला, सायेब. धा येळा सांगितलं हुतं, नवी भर म्हनून. आयकायची न्हाई ती. दुकानातबी माजं आयकलं न्हाई."

मी वर बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. फौजदार मान डोलावत लिहून घेत होते. चोरांनी मला बाकावर बसवलं तेव्हा जसं वाटलं होतं, तसंच पुन्हा वाटलं. फरक एवढाच की चोरांवर माझा कधी विश्वास नव्हता.

चोर सापडले नाहीत. त्या दिवसापासून दादा सकाळी येईनासे झाले, की मी दार लावून घेऊ लागले, ह्यात आधी काय झालं ते आता सांगता येणार नाही. मुलगी काही दिवस पायरीवर बसून सायकलची वाट बघायची. दवाखान्यात येणाऱ्या बायका माझ्याकडं कीव करून बघायच्या. एक म्हातारी तर म्हणाली, "जाऊ दे बाई, आपल्याला कुटं कळतंय त्यातलं."

मला त्यातलं कळत होतं. हेच मला कुणाला सांगता येत नव्हतं.

महिन्याभरानं मी एकटी नगरला गेले, रिव्हॉल्व्हर आणि वीस काडतुसं घेऊन, त्याच दुकानात. विकायचं आहे म्हटलं. दुकानदारांनी चष्मा पुसला. "काडतुसांत काही खोट निघाली का, बाई?"

"नाही," मी म्हटलं. "तुमची चांगली होती." आणि मग मला थांबवेना. त्या अंधाऱ्या दुकानात, एका परक्या माणसाला, मी सगळं सांगितलं. दादांचं नातं, जुनी काडतुसं, रॉकेल, कामावरची चेष्टा, पंचनामा. माझं झाल्यावर त्यांनी पेटीतलं एक काडतूस काढून बुडाकडून बघितलं आणि परत ठेवलं.

"तुम्ही निवडलं होतं ते बरोबर होतं," ते म्हणाले. "मी शंभर माणसांना विकतो. घरातल्या भिंतीचा विचार करून घेणारं क्वचित कुणी भेटतं."

मी तिथं रडले. पती गेल्यानंतर इतकी रडले नव्हते. दुकानातल्या पोऱ्याला त्यांनी चहा आणायला पाठवलं आणि रस्त्याकडचं दार अर्धं ओढून घेतलं.

त्याच वर्षअखेरीस मी गाव सोडलं. नगरला लागून नागापूरला नवे कारखाने उभे राहत होते, तिथं कामगारांच्या चाळीजवळ खोली घेऊन दवाखाना सुरू केला. तो चालला. मुलगी शिकली, तीही डॉक्टर झाली. दादांकडची कार्यं आली की मी जायचे, आहेर करायचे, जेवून परत यायचे. ते आजारी पडले तेव्हा नगरला माझ्याकडेच आले, मी त्यांना तपासलं, औषध दिलं. बोलायचं ते औषधापुरतं बोललो. एकदा निघताना ते म्हणाले, "तू माजं नाव घेतलं न्हाईस त्या येळेला. म्या इसरलो न्हाई." मला वाटलं, पुढं आणखी काही येईल. त्यांनी चप्पल घातली आणि गेले.

त्यानंतर दहाएक वर्षांनी त्यांच्या नातवाचं लग्न होतं. दादा पंचाहत्तरीच्या पुढं गेले होते, पण ताठा तसाच. मांडवात नवरीकडचे पाहुणे त्यांच्याभोवती बसले होते आणि दुष्काळाच्या गोष्टी निघाल्या होत्या. मी पलीकडं जाऊबाईंजवळ बसले होते. दादांनी माझ्याकडं हात केला. "ही आमची डाक्टरीन. लई हिंमतीची. चोर आले तवा रिव्हॉल्व्हर रोखून उभी ऱ्हायली! पन गडबडीत जुनी काडतुसं भरली हुती बगा. म्या धा येळा सांगितलं हुतं." पाहुणे कौतुकानं हसले. दादांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. होतं ते निखळ प्रेम.

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा म्हटलं, "दादा, ती काडतुसं मी भरली नव्हती."

दादांनी माझ्याकडं बघितलं, कपाळाला आठ्या घालून, काहीतरी आठवायचा खरोखर प्रयत्न करत.

"मग कुनी भरली?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या डोळ्यांत शोधलं. तिथं काही नव्हतं. ते खरंच विचारत होते.

जाऊबाईंनी माझ्या मांडीवर हात ठेवला. "चल," त्या म्हणाल्या, "पंगत बसतीया."